डेन्मार्क टेरेस ते कार्डिफ : किंक्सच्या सुरुवातीच्या दिवसांच्या मागावर

शुक्रवार

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून नॉर्दर्न लाइनने ईस्ट फिंचली. ताईने सकाळीच डबा बांधून दिला होता, पोळ्या आणि बटाट्याची भाजी, आणि सोबत भाचा, वय सतरा, खांद्यावर रिकामी गिटारची बॅग कारण येताना त्याला कुठूनतरी तारा आणि एक केबल घ्यायची होती. जून २०१८ मधला लंडनचा उन्हाळा, रात्री नऊला पण उजेड, त्यामुळे फिरायला वेळच वेळ. ईस्ट फिंचली स्टेशनवर धनुष्य ताणून गुडघ्यावर बसलेला एक मोठा धनुर्धारी आहे, १९४० पासून तिथे आहे, बाण सुटून गेलेला आणि रोख लंडनच्या दिशेने. भाचा म्हणाला मामा आपण उलट्या दिशेला चाललोय. खरंच होतं ते. लंडन बघायला आलेले सगळे लोक बाण गेला तिकडे जातात आणि आम्ही फोर्टिस ग्रीन नावाच्या रस्त्याने मसवेल हिलकडे.

१०२ नंबरची बस जाते पण आम्ही चालत गेलो. रस्ता साधा, दोन्ही बाजूला घरं, झाडं, मधेच एखादं दुकान. आणि मग डेन्मार्क टेरेस. सहा नंबरचं घर. किंक्स या साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉक बँडच्या रे डेव्हिस आणि डेव्ह डेव्हिस या दोन भावांचं घर. इथे लोक राहतात, म्हणून आम्ही समोरच्या फुटपाथवरूनच बघितलं, बेल वाजवणं किंवा खिडकीत डोकावणं असले प्रकार कोणी करू नयेत अशी कळकळीची विनंती.

घर बघितल्यावर पहिली गोष्ट मनात येते ती आकडेवारी. आठ मुलं. आधी सहा बहिणी आणि मग शेवटी हे दोन भाऊ, रेचा जन्म २१ जून १९४४ आणि डेव्हचा ३ फेब्रुवारी १९४७. वडील कष्टकरी, आई घर सांभाळणारी, आणि एवढ्या माणसांत पुढच्या खोलीत, म्हणजे आपण जिला हॉल म्हणतो त्या खोलीत, एक पियानो. शनिवारी रात्री पब बंद झाला की सगळे घरी यायचे आणि त्या पियानोभोवती गाणी म्हणायचे, जुनी थिएटरमधली गाणी, बहिणींनी आणलेल्या रेकॉर्डवरची गाणी, जॅझ, सगळं. मोठ्या बहिणी नाचायला जायच्या, रेकॉर्ड आणायच्या, नवीन काय वाजतंय ते या दोघांच्या कानावर आपोआप पडायचं. मला नेहमी वाटतं की किंक्सबद्दल बोलताना लोक लगेच 'यू रिअली गॉट मी' गाण्यातल्या त्या प्रसिद्ध रिफवर, म्हणजे गिटारवर परत परत येणाऱ्या छोट्या धूनवर, उडी मारतात आणि ही खोली मागे राहते, आणि माझ्या मते सगळं या खोलीतूनच आलंय, अगदी तो रिफसुद्धा, कारण मार्च १९६४ च्या सुमाराला रेने तो पहिल्यांदा वाजवला तो याच हॉलमधल्या पियानोवर, जॅझच्या अंगाने, आरामात. गिटारवर तो नंतर गेला.

आणि गिटार वाजवणारा डेव्ह तेव्हा माझ्या भाच्याएवढाच, सतरा वर्षांचा.

त्याच्याकडे एक छोटा हिरवा अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा होता, एल्पिको कंपनीचा, स्वस्तातला. त्याचा आवाज त्याला आवडत नव्हता. स्वच्छ, गोड, सगळ्यांसारखा. तर त्याने काय केलं, ब्लेड घेतलं आणि स्पीकरचा जो कागदी कोन असतो तो कापला. चिरा पाडल्या. आता अॅम्प चालू केला की तो फाटलेला कागद थरथरणार आणि सूर खरखरीत होऊन बाहेर पडणार. मग तो छोटा अॅम्प त्याने मोठ्या व्हॉक्स एसी-३० अॅम्पला जोडला, म्हणजे खराब केलेला आवाज आता मोठा पण झाला. आजकाल हे सगळं करायला पायाखालचा पेडल मिळतो, भाच्याकडे तर फोनमध्ये अॅप आहे, बोटाने एक गोल फिरवला की झालं. मी त्याला म्हटलं की बाबा तुझ्या त्या अॅपमधल्या बटणाचा पत्ता हा, सहा नंबर. तो बराच वेळ घराकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, मामा, त्याला ओरडले नसतील का घरी?

आठ मुलांच्या घरात एका अॅम्पसाठी किती ओरडणार.

समोरच क्लिसोल्ड आर्म्स पब. रस्ता ओलांडला की पोचलो. दोघा भावांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं ते इथे, आणि आम्ही गेलो तेव्हा आत भिंतीवर बँडचे फोटो वगैरे होते. भाच्याने लेमोनेड आणि चिप्स घेतले, मी अर्धा पाइंट, ताईचा डबा बाहेर बाकावर बसून खाल्ला. इथे बसून घराकडे बघताना एक गोष्ट कळते जी वाचून कळत नाही, ती म्हणजे अंतर. घर आणि स्टेज यात एक रस्ता, बस.

शनिवार

आज बरंच चाललो. मसवेल हिलला ट्यूब नाही, टेकडीवर आहे, बसनेच जावं लागतं, आणि त्यामुळे लंडनमध्ये असून थोडं वेगळं गाव असल्यासारखं वाटतं. फिनस्बरी पार्कवरून डब्ल्यू-७ बस पकडली. वर शंभर वर्षांपूर्वीच्या लाल विटांच्या इमारतींची रांग, खाली दुकानं. फोर्टिसमिअर शाळा बाहेरूनच बघितली. तेव्हा तिचं नाव विल्यम ग्रिमशॉ सेकंडरी मॉडर्न होतं. सेकंडरी मॉडर्न म्हणजे अकराव्या वर्षी परीक्षेत जे वर गेले नाहीत त्यांची शाळा, पुढे कारखाना, दुकान, ऑफिसातली खालची नोकरी असा सरळ रस्ता ठरलेला. इथे रेच्या वर्गात पीट क्वेफ होता, तो पुढे बेस वाजवायला लागला. पुढे गाजलेला गायक रॉड स्टुअर्ट पण याच शाळेचा, आणि यांच्या सुरुवातीच्या ग्रुपबरोबर एखाददोनदा गायला होता असंही सांगतात.

ग्रुपचं नाव तेव्हा रोज बदलायचं म्हटलं तरी चालेल. ज्याने कार्यक्रम मिळवला त्याचं नाव, कधी रे डेव्हिस क्वार्टेट, कधी पीट क्वेफ बँड, मग बो-वीव्हल्स, रॅमरॉड्स, रेव्हन्स. १९६४ उजाडता उजाडता किंक्स झालं.

शाळेकडून अलेक्झांड्रा पॅलेसच्या मैदानावर गेलो, तिथून अख्खं लंडन दिसतं, भाच्याने पन्नास फोटो काढले. मग उतारावरून क्राउच एंड. इथे हॉर्नसी कॉलेज ऑफ आर्टची जुनी इमारत आहे, आता तिथे लहान मुलांची शाळा भरते. रे १९६२ च्या शरदात इथे आला. इंग्लंडमधल्या त्या पिढीत आर्ट कॉलेजने किती संगीतकार दिलेत त्याला गणती नाही, आणि कारण मला वाटतं साधं आहे, इथे येणाऱ्या पोराला पहिल्यांदाच कोणीतरी सांगायचं की तुला जे दिसतं ते तुझ्या पद्धतीने मांड. डिसेंबर १९६२ मध्ये अलेक्सिस कॉर्नर, म्हणजे लंडनमधल्या ब्लूजवाल्यांचा मोठा माणूस, कॉलेजात वाजवायला आला होता, रे त्याला जाऊन भेटला आणि विचारलं मी काय करू. कॉर्नरने पुढचे पत्ते दिले आणि थोड्याच दिवसांत रे सोहोच्या क्लबांतून वाजवायला लागला. हे मला फार आवडतं. विचारलं म्हणून मिळालं.

यांचे पहिले मॅनेजर दोघं, रॉबर्ट वेस आणि ग्रेनव्हिल कॉलिन्स. वरच्या वर्गातली, पैसेवाल्या घरची पोरं. वेसला स्वतःला गायची हौस होती, श्रीमंतांच्या पार्ट्यांमध्ये तो पुढे गायचा आणि मागे डेन्मार्क टेरेसची ही पोरं वाजवायची. मग लॅरी पेज आला, त्याला धंद्यातलं कळत होतं. आणि शेल टॅल्मी नावाचा अमेरिकन प्रोड्यूसर, त्याच्यामुळे १९६४ च्या सुरुवातीला पाय रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला.

संध्याकाळी सेंट्रल लंडनला उतरून लायसियम बघितलं. स्ट्रँडजवळ, खांबांची मोठी दर्शनी बाजू, आता तिथे सिंहाच्या राजपुत्राचं म्युझिकल वर्षानुवर्षं चालू आहे आणि बाहेर लहान मुलांची ही गर्दी. पण १९५७ साली हा नाचाचा हॉल होता. डेव्हिसांची बहीण रेने, लग्न होऊन कॅनडाला गेलेली, परत आलेली, हृदय लहानपणापासून कमजोर. डॉक्टरांनी नाचू नको सांगितलेलं. रेचा तेरावा वाढदिवस आला, तिने त्याला एक स्पॅनिश गिटार भेट दिली, आणि त्याच संध्याकाळी ती इथे नाचायला आली आणि नाचता नाचता गेली. ३१ वर्षांची होती.

भाच्याला हे सांगितल्यावर तो काही बोलला नाही. आम्ही कोव्हेंट गार्डनला आइस्क्रीम खाल्लं आणि घरी आलो. ताईला सांगितलं तर तिने हातातलं काम थांबवून सगळं परत पहिल्यापासून ऐकलं. मोठी बहीण आहे ती, तिला वेगळं लागतं हे.

रविवार

आजचा दिवस गाण्याचा.

आधी डेन्मार्क स्ट्रीट. हा डेन्मार्क वेगळा, टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनजवळची छोटीशी गल्ली, जिथे त्या काळी सगळे म्युझिक पब्लिशर बसायचे. अजूनही गिटारची दुकानं आहेत, भाच्याचं तारा-केबलचं काम इथेच झालं, आणि वर एक तास तो भिंतीवरच्या गिटारी बघत फिरला ते वेगळं. मला इथे फारसं काही वाटलं नाही, आजूबाजूला खोदकाम आणि पत्रे लावलेले, म्हणून लवकर निघालो.

मार्बल आर्चजवळ ग्रेट कंबरलँड प्लेसला पायचा स्टुडिओ होता. इथली गोष्ट नीट सांगायला पाहिजे कारण सगळं यावर अवलंबून आहे. पहिली रेकॉर्ड फेब्रुवारी १९६४ मध्ये आली, लिटल रिचर्डचं 'लॉन्ग टॉल सॅली'. तेव्हा बीटल्सची हवा, प्रत्येक कंपनीला आपला एक बीटल्स पाहिजे, तर यांना पण तेच करायला लावलं. चाललं नाही. दुसरी रेकॉर्ड 'यू स्टिल वाँट मी', ती तर कोणाला कळलीच नाही आली कधी गेली कधी. मधे डेव्ह क्लार्क फाइव्ह या दुसऱ्या बँडच्या टूरमध्ये गावोगाव हिंडून झालं. आता तिसरी. ही पडली तर कंपनी यांना सोडणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसरं गाणं 'यू रिअली गॉट मी'. टूरवर लोक यावर वेडे होतात हे यांनी बघितलेलं. पण पायच्या स्टुडिओत ते रेकॉर्ड झालं ते संथ, गुळगुळीत, आवाजाला भरपूर एको लावलेला. रेला ते ऐकून सहन होईना. डेव्हचा कापलेला अॅम्प कुठे ऐकूच येत नव्हता. आता वीस वर्षांचा पोरगा, दोन पडलेल्या रेकॉर्डी, कंपनी नाराज, अशा वेळी कोणीही गप्प बसला असता. रे म्हणाला ही बाहेर येणार नाही, परत करायचं. कंपनी म्हणाली आम्ही परत पैसे घालणार नाही. शेवटी मॅनेजर लोकांनी पैशाची सोय केली असं सांगतात, आणि जुलै १९६४ मध्ये ते गाणं दुसऱ्या स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड झालं, आयबीसीमध्ये.

तो आयबीसी म्हणजे ३५, पोर्टलंड प्लेस. आम्ही ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दीतून चालत गेलो. रुंद शांत रस्ता, जुन्या मोठ्या इमारती, जवळच बीबीसी. एवढ्या सभ्य दिसणाऱ्या दारातून एवढा खरखरीत आवाज बाहेर आला यावर विश्वास बसत नाही. फुटपाथवर उभं राहून एकेक इअरफोन कानात घातला आणि गाणं लावलं. सव्वादोन मिनिटं. पहिले दोन सूर वाजतात आणि तुमच्या पाठीतून काहीतरी जातं, आजही, कितीही वेळा ऐकलं तरी. रिफ एवढा सोपा आहे की गिटार हातात घेतलेला कोणीही आठवड्यात वाजवेल, फक्त पूर्ण कॉर्ड न वाजवता तळाचे सूर धरायचे आणि सरकायचं, आणि गाणं पुढे जातं तसं एक एक पायरी वर चढतं, म्हणजे ताण वाढतच जातो. सोपं आहे म्हणूनच जगभरच्या गॅरेजमधल्या पोरांनी ते उचललं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते, की वाजवणारा कुशल असलाच पाहिजे अशी अट या गाण्याने काढून टाकली.

ड्रम त्या दिवशी बॉबी ग्रॅहमने वाजवले, तो भाड्याने बोलावलेला व्यावसायिक. बँडचा नवा ड्रमर मिक एव्हरी टॅम्बरीनवर. आणि मधला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, कोणाचा यावर अजून वाद घालतात लोक, पुढे लेड झेपेलिनमध्ये गेलेल्या जिमी पेजने वाजवला म्हणून. तर नाही, डेव्हनेच वाजवला, पेजने स्वतः नाही म्हटलंय आणि टॅल्मीनेही. एका सतरा वर्षांच्या कामगाराच्या मुलाला हे जमलंच नसेल असं लोकांनी इतकी वर्षं धरून चालावं याचा मला मनापासून राग येतो. डेव्ह सांगतो की सोलो सुरू व्हायच्या आधी रे ओरडून काहीतरी बोलला आणि याने त्याला शिवी हासडली, ती नंतर दुसऱ्या आवाजाखाली झाकली. भाच्याने तेवढा भाग पाच वेळा मागे नेऊन ऐकला.

४ ऑगस्ट १९६४ ला रेकॉर्ड आली, सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर, अमेरिकेत सातपर्यंत. त्यानंतर लाल हंटिंग जॅकेट घालून टीव्हीवर, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम आणि 'ऑल डे अँड ऑल ऑफ द नाइट' दुसऱ्या नंबरवर. इतक्या वेगाने की विचार करायला कोणाला फुरसत मिळाली असेल असं वाटत नाही.

सोमवार

पॅडिंग्टनहून कार्डिफची गाडी, दोन तासांचा प्रवास. भाच्याला कॉलेज होतं, त्यामुळे एकटाच. या प्रवासात ऐकायचं गाणं मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं.

जानेवारी १९६५. बँड ऑस्ट्रेलियाच्या टूरवर निघाला, मॅनफ्रेड मॅन आणि हनीकोम्ब्स या बँडांबरोबर, आणि वाटेत मुंबईत थांबला. पहाटे रेला किनाऱ्यावरून आवाज आला. मच्छीमार कामाला निघाले होते आणि एका लयीत गात होते. तो आवाज त्याच्या डोक्यात राहिला, घरी येऊन त्याने 'सी माय फ्रेंड्स' लिहिलं.

मी वेसाव्याचा. आमचे आजोबा बोटीवर जायचे. होडी पाण्यात ढकलताना, जाळं ओढताना एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी हैय्या हो म्हणून जोर लावायचा, ते मी लहानपणी पायाला ओली वाळू लागत असताना ऐकलेलं आहे. हे गाणं म्हणून कोणी कधी मोजलं नाही. ते काम होतं. रेडिओवर जी कोळीगीतं लागतात ती वेगळी, ती नाचाची, लग्नाची, ती सगळ्या महाराष्ट्राला पाठ. पण पहाटेचा तो धीम्या लयीतला हुंकार, तो फक्त किनाऱ्यावरच्या माणसांना माहीत. आणि विमानप्रवासाने थकलेला लंडनचा एक वीस वर्षांचा पोरगा तो ऐकतो आणि त्याला कळतं की यात काहीतरी आहे, हे मला जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला उठवून सांगितलं होतं.

गाण्यात सितार नाही. गिटारच आहे, पण एक सूर तंबोऱ्यासारखा सतत धरलेला आणि त्यावर रेचा आवाज लांबवत, ओढत, घरंगळत जातो. ३० जुलै १९६५ ला आलं, दहाव्या नंबरपर्यंत गेलं. बीटल्सच्या रेकॉर्डवर सितार वाजली ती त्या वर्षीच्या डिसेंबरात, आणि भारताचं संगीत पाश्चात्त्य पॉपमध्ये कसं आलं हे सांगताना सगळे तिथूनच सुरू करतात, रविशंकर, ऋषिकेश वगैरे. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्याच्या आधी मुंबईच्या कोळ्यांचा आवाज लंडनला पोचला होता हे निदान मराठी माणसाने तरी सांगायला पाहिजे. मित्र नदीपलीकडे आहेत आणि ती निघून गेली असं गाण्यात येतं, बऱ्याच जणांना त्यात ती बहीण, रेने, दिसते. लायसियम बघून आल्यावर मलाही दुसरं काही सुचलं नाही. आणि मग परत तीच खोली आठवते. ज्याच्या घरी शनिवारी सगळे मिळून गायचे त्यालाच दुसऱ्या कोणाचं मिळून गाणं असं पटकन ऐकू येतं, असं माझं ठाम मत आहे.

कार्डिफला बघायला काही उरलेलं नाही. क्वीन स्ट्रीटवर कॅपिटल थिएटर होतं ते पाडलं, आता तिथे त्याच नावाचं शॉपिंग सेंटर. १९ मे १९६५ च्या रात्री इथे डेव्ह आणि ड्रमर मिक एव्हरी यांची स्टेजवर मारामारी झाली. आदल्या दिवसापासून धुमसत होतं. डेव्हने त्याला शिवी दिली आणि ड्रम लाथेने उडवले, एव्हरीने हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमजवळच्या झांजांचा, स्टँड उचलून डेव्हच्या डोक्यात घातला. डेव्ह बेशुद्ध. सोळा टाके. एव्हरी पळून गेला, त्याला वाटलं मेला हा. नंतर पोलिसांना सांगितलं की हा आमच्या कार्यक्रमाचाच भाग आहे, नवीन प्रकार बसवतोय. वर्षभरापूर्वी ज्यांना कोणी ओळखत नव्हतं त्यांच्यावर दिवसाला एक गाव आणि दर तीन महिन्यांनी एक हिट असा भार टाकला की काय होतं ते इथे दिसतं. मिकला त्यांनी काढलं नाही हे महत्त्वाचं, तो पुढे जवळजवळ वीस वर्षं राहिला.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेची टूर झाली आणि तीही भांडणातच गेली. तिथल्या संगीतकारांच्या युनियनने यांना पुढची परवानगी नाकारली, ती थेट १९६९ पर्यंत. ब्रिटिश बँड अमेरिकेत सोनं लुटत होते नेमके तेव्हा हे घरी. रे मग इंग्लंडबद्दल लिहायला लागला, गल्ल्या, चहा, शेजारीपाजारी, पण ती पुढची वर्षं आणि पुढची गाणी.

कोणाला जायचं असेल तर : घर आणि पब अर्ध्या दिवसात होतं, ईस्ट फिंचलीला उतरा, चालत जा. शाळा बाहेरूनच. क्राउच एंडहून परतताना डब्ल्यू-७ फिनस्बरी पार्कला सोडते. पोर्टलंड प्लेस रविवारी सकाळी करा, रस्ता रिकामा असतो, गाणं मोठ्याने लावता येतं. कार्डिफला फक्त यासाठी जाऊ नका, मी गेलो कारण मला त्या गाडीत दोन तास पाहिजे होते.